एकोणीस आसनं, तेरा माणसं

२६ ऑगस्ट, सोमवार

टाळ्या! आपत्ती नियोजनाच्या बैठकीत टाळ्या वाजलेल्या मी चौदा वर्षांत ऐकल्या नव्हत्या. विषय काय, तर वादळ आलं की समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवरची एकशेबारा माणसं किनाऱ्यावर कशी आणायची. यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? पण धाकटीने पडद्यावर नकाशा लावला, त्यावर दोन इवलीशी हेलिकॉप्टरं इकडून तिकडे सरकवली. प्रत्येक फेरीला रिगवरचा आकडा आपोआप कमी, आणि शेवटी हिरव्या रंगात शून्य. साहेब खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले, ‘याला म्हणतात आराखडा.’ मग चौदा वर्षं मी जे करत होते त्याला काय म्हणतात?

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीड वर्षापूर्वी या कचेरीत तिला चिकटवली कुणी? मीच! साहेबांकडे शब्द टाकला, अर्ज तपासून दिला, मुलाखतीच्या दिवशी स्वतःबरोबर घेऊन आले. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

बैठक संपल्यावर शिपायाने माझ्या जुन्या आराखड्याची निळी फाईल कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकली. आता काढायची तर स्टूल लागेल.

२७ ऑगस्ट, मंगळवार

साहेब तिला आता नावाने हाक मारतात. मी अजून ‘अहो मॅडम’.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आम्ही दोघी जावा एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहतो. सासूबाई एक महिना आमच्याकडे, एक महिना त्यांच्याकडे. परवाच आमचा महिना सुरू झाला. म्हणजे जेवण माझ्या हातचं आणि कौतुक समोरच्या दाराचं. आज खालच्या बाईंना जिन्यातच थांबवून सांगत होत्या की आमच्या धाकटीने असं काही यंत्र काढलंय, आता वादळात एकही माणूस अडकायचा नाही. मी भाजीची पिशवी घेऊन मागे उभी होते. मोठी सून पण त्याच कचेरीत आहे, हे त्या बाईंनाच आठवलं. सासूबाई म्हणाल्या, ‘हो, ती पण असते तिथे.’

असते तिथे!

नवरोबांना सांगितलं तर म्हणाले, अगं घरातलीच आहे ना, आनंद मान. मास्तर माणूस. वर्गात सगळ्यांना सारखेच गुण देऊन मोकळे होतात, घरातही तेच. जावा जावा उभा दावा ही म्हण मी काढलेली नाही म्हणावं.

भाऊजी, म्हणजे धाकटीचे यजमान, सध्या घरी आहेत. त्याच रिगवर क्रेन चालवतात. चार आठवडे तिकडे, चार आठवडे इकडे. संध्याकाळी आले, माझ्या हातचा चहा प्यायले. म्हणाले, ‘वहिनी, तुमचा चहा प्यायल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही.’ या घरात तेवढंच एक माणूस आहे जे माझं काही विसरत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

धाकटीने नवी साडी घेतली. नऊ तारखेच्या बैठकीसाठी. रंग चांगला आहे. मी म्हटलं, जरा भडक वाटतो.

२ सप्टेंबर, सोमवार

सापडलं!

जेवणाच्या सुट्टीत तिचा आराखडा वाचत होते. चूक शोधायलाच वाचत होते, खोटं कशाला लिहू? चाळीस पानं आहेत. अकराव्या पानावर एक ओळ: ‘प्रत्येक फेरीत माणसे एकोणीस.’

हेलिकॉप्टरात आसनं एकोणीस आहेत, बरोबर. पण एकोणीस माणसं बसतात ती शांत हवेत. वादळ जवळ आलं की वारा तोंडावर, वेळ जास्त, आणि रिगवर उतरता नाही आलं तर तसंच परत फिरायला टाकीत जादा इंधन लागतं. इंधनाचं वजन वाढलं की माणसांचं कमी करायचं. वाऱ्याचा वेग ताशी चाळीस सागरी मैलांच्या वर गेला की वैमानिक तेरापेक्षा एक माणूस जास्त घेत नाही, मग तुम्ही त्याच्या पाया पडा.

एकोणीस धरले तर सहा फेऱ्या. तेरा धरले तर नऊ. हेलिकॉप्टरं दोन, एका फेरीला अडीच तास, आणि अंधारात उड्डाण बंद. तिच्या हिशेबाने रिग साडेसात तासांत रिकामी. खऱ्या हिशेबाने साडेबारा. इतकी शिकलेली मुलगी, पण आसनं मोजली आणि वारा मोजायची राहिली!

आता खरं लिहायचं तर माझ्या निळ्या फाईलमध्येही ही गोष्ट नाही. ती माझ्या डोक्यात आहे. दरवर्षी फेऱ्या मीच मांडायचे आणि मांडताना तेरा धरायचे. का धरते, हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवून दिलं की आपल्याला कोण विचारतं? हे मी पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

पुढच्या सोमवारी, नऊ तारखेला, आराखड्यावर शेवटच्या सह्या. साहेब, वरचे साहेब, हेलिकॉप्टरवाले, सगळे मिळून वीस तरी माणसं. तेव्हा विचारीन. अगदी गोड आवाजात विचारीन. आजच सांगितलं तर ती मुकाट्याने दुरुस्त करणार आणि टाळ्या परत तिलाच.

कितीतरी दिवसांनी आज दोन घास जास्त गेले.

३ सप्टेंबर, मंगळवार

नुसती चूक दाखवून काय उपयोग, बरोबर काय तेही तयार हवं. सगळे गेल्यावर तासभर थांबले आणि माझा तक्ता टाइप केला. नऊ फेऱ्या, एकशेबारा नावं. आधी स्वयंपाकघरातले आणि सफाईवाले, मग खोदकामाच्या पाळ्या, क्रेनवाले पाचव्या फेरीत, शेवटी विहीर बंद करणारी मंडळी आणि रिगप्रमुख. रिगवर आज कोण कोण आहे त्याची यादी समोर ठेवून एकेक नाव घातलं. देखणा झाला तक्ता. तीन प्रती काढल्या आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी धाकटी माझ्या टेबलाशी आली. दोन कप चहा घेऊन. बसली. म्हणाली, ‘ताई, तुम्ही एकदा नजर टाकाल का? सगळे छान छान म्हणतात, त्याचीच भीती वाटते. तुम्हीच खरं सांगाल.’

मी पानं चाळल्यासारखं केलं. अकराव्या पानावरून बोट पुढे नेलं. म्हटलं, छान आहे.

‘फेऱ्यांचं बरोबर आहे ना?’

नेमकं तेच विचारलं! एवढ्या चाळीस पानांत! माझा हात खणाच्या किल्लीवर होता. मग म्हटलं, ‘तू मांडलंयस म्हणजे बरोबरच असणार.’ तिने माझ्याकडे बघितलं. हे कौतुक की टोमणा, ते तिला कळलं नसावं. मलाही सांगता आलं नसतं. चहा थंड झाला, तसाच बेसिनमध्ये ओतला.

पाचच दिवसांचा तर प्रश्न आहे. पाच दिवसांत काही आभाळ कोसळत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

रिगवरच्या दुसऱ्या क्रेनवाल्याला मूतखडा. बिचारा गडाबडा लोळत होता म्हणे. सकाळच्या हेलिकॉप्टरने त्याला आणून इस्पितळात घातला, आणि परतीच्या फेरीत भाऊजींना पाठवलं. सुट्टीचे आठ दिवस बाकी होते. सासूबाईंनी घाईघाईत डबा भरून दिला, तो ओट्यावरच राहिला.

धाकटी त्यांना सोडून कचेरीत आली तेव्हा डोळे सुजलेले. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग साहेब स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, आज लवकर घरी जा. माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी याच साहेबांकडून अर्धा दिवस मागून घेतला होता. लेखी.

६ सप्टेंबर, शुक्रवार

ढगोबा म्हणतो, दक्षिणेला काहीतरी शिजतंय. ढगोबा म्हणजे आमचा हवामानवाला. त्याचं दर आठवड्याला काहीतरी शिजत असतं.

७ सप्टेंबर, शनिवार

शिजलं. सकाळी नऊला साहेबांनी पाच जणांना बोलावलं. ढगोबा म्हणाला, वादळ तयार झालंय, पण दहात सात वेळा असली वादळं वळून खोल समुद्रात जातात. हेही वळेल. मोकळ्या हवेत माणसं उतरवायची म्हणजे काम बंद, आणि काम बंद केलं की वरच्या साहेबांचा फोन. त्यामुळे सगळ्यांना ते वळायला हवंच होतं.

साहेबांनी धाकटीला विचारलं, नाही वळलं तर कधी सुरुवात करायची? तिने कागद न बघता सांगितलं, उद्या सकाळी सहाला निघालो तर दीडपर्यंत रिग रिकामी. उद्या संध्याकाळपर्यंत उडता येईल असं ढगोबा म्हणत होता, म्हणजे वेळच वेळ.

तेरा धरले तर पहिली फेरी आजच दुपारी सुटायला हवी होती.

साहेब माझ्याकडे वळले. ‘काय मॅडम?’

हे लिहवत नाही, पण लिहिते. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? की इथे पाचच माणसं आहेत. सोमवारी वीस असतील. आणि वादळ तर वळणारच आहे. मी म्हटलं, ‘ठीक आहे.’

८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळचे पाच, कचेरीतून

वळलं नाही. वेग वाढला त्याचा.

सहाला पहिली दोन हेलिकॉप्टरं गेली. रिगवर उतरल्यावर वैमानिकाने रेडिओवरून कळवलं, तेराच घेतोय, वारा बेचाळीस. धाकटी म्हणाली, एकोणीस आसनं आहेत ना? तो म्हणाला, बाई, आसनं आहेत, पण वारा पण आहे. तिचा चेहरा पांढराफटक.

आणि मला आनंद झाला. हो, झाला. उकळ्या फुटल्या. उठले, कुलूप काढलं आणि तक्ता साहेबांपुढे ठेवला. नऊ फेऱ्या, एकशेबारा नावं, क्रमाने. साहेब दोन मिनिटं बघतच राहिले. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही आहात म्हणून निभावतंय.’ धाकटीनेच तो रिगवर पाठवला. त्यातल्या क्रमाने रिगवर नावं पुकारायला लागले.

चारला उड्डाण बंद. आठ फेऱ्या झाल्या, एकशेचार माणसं आली. नववी फेरी गेलीच नाही. काल संध्याकाळी उजेडात एक फेरी गेली असती — एकच! — तर रिग रिकामी असती.

आठ माणसं राहिली आहेत. सात जण विहीर बंद करणारे आणि रिगप्रमुख धरून. आठवे भाऊजी.

भाऊजी का? क्रेनवाले तर पाचव्या फेरीत होते. रेडिओवर रिगप्रमुखाने सांगितलं की पाचव्या फेरीत दुसऱ्या क्रेनवाल्याचं नाव होतं, तो तर उतरलाय, म्हणून पुढचं नाव घेतलं. आणि भाऊजींचं नावच तक्त्यात नव्हतं. ‘यादीत नाव नाही तो शेवटच्या फेरीत. तुमचाच नियम आहे, मॅडम.’

माझाच. काही वर्षांपूर्वी यादीबाहेरचा एक कंत्राटी माणूस धक्काबुक्की करून आधी चढला होता, तेव्हा मी तो लिहून काढला. माझ्या फाईलमध्ये जे थोडं लिहिलेलं आहे त्यातला एक. आणि यादी मंगळवारची होती. इतक्या घाईने खणातून काढली की आजच्या नावांशी ताडून बघायचं सुचलं नाही. दाखवायची घाई होती.

९ सप्टेंबर, सोमवार

रिगशी संपर्क नाही. काल रात्रीपासून नाही.

धाकटी खिडकीशी बसून होती, हातात माझ्या तक्त्याची प्रत. दुपारी माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, ‘ताई, पाचव्या फेरीतला क्रेनवाला गुरुवारी उतरला. हा तक्ता त्याच्या आधीचा आहे.’

मी समोरचे कागद सरळ करत राहिले.

‘मी बुधवारी तुम्हाला विचारलं होतं.’

एवढंच. परत खिडकीशी जाऊन बसली. आज सह्यांची बैठक होती. वीस माणसं आली होती, पण रिगची बातमी ऐकायला.

१० सप्टेंबर, मंगळवार

संपर्क झाला. आठही जण जिवंत! मी खाली जाऊन गाड्या लावतात तिथे ढसाढसा रडले.

मग पुढचं कळलं. डेकवरची लोखंडी पेटी सुटून घसरायला लागली, ती बांधायला भाऊजी गेले. उजवा हात पेटीखाली सापडला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तीन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, हात वाचला हेच नशीब. क्रेन चालवणाऱ्या माणसाला हे सांगायचं.

इस्पितळात गेले तर भाऊजी हसले. म्हणाले, ‘वहिनी, चहा आणलात का? कप आता डाव्या हाताने धरायचा.’ त्यांना काही ठाऊक नाही. धाकटीने सांगितलेलं नाही. ती उशाशी उभी होती, औषधांच्या वेळा लिहून घेत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर बाकावर सासूबाई. माझा हात धरून म्हणाल्या, ‘हिच्या चित्रांच्या आराखड्यानं माझ्या लेकाचा हात खाल्ला. तुझं ऐकलं असतं तर!’ खालच्या बाईही होत्या शेजारी. दीड वर्ष मी हे ऐकायला कान टवकारून बसले होते. सासूबाईंचं पारडं माझ्याकडे झुकलं, तेही चारचौघांत. मी त्यांची पाठ चोळत राहिले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

झोप नाही. जेवण नाही. नवरोबा विचारतात, काय झालं? दमलेय म्हणते.

१६ सप्टेंबर, सोमवार

चौकशी. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, अलीकडे आम्ही दोघी आणि साहेब. धाकटीला विचारलं, एकोणिसाचा आकडा चुकीचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

ती म्हणाली, ‘हो. बुधवारी ताईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.’

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. त्यांनी लिहून घेतलं. मला विचारलं, बरोबर आहे? माझी मान हलली. कुठल्या बाजूने हलली ते मला आठवत नाही, पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर आल्यावर जिन्यात तिला गाठलं. विचारलं, का केलंस हे? ती दोन पायऱ्या खाली होती. मागे वळून म्हणाली, ‘दोघी गेलो तर पुढच्या वादळाला मोजणार कोण? तेराचा आकडा तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?’ आणि चार पायऱ्या उतरल्यावर, ‘तुमच्यासाठी नाही केलं.’

साहेबांनी शिपायाला सांगून निळी फाईल वरच्या कप्प्यातून काढली. माझ्या टेबलावर आणून ठेवली, पुसून. धाकटीला बुधवारपर्यंत टेबल मोकळं करायला सांगितलंय.

जे जे हवं होतं ते मिळालं. आणि घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात — हिला हे जमलं कसं? नवऱ्याची बोटं गेलेली, नाव गेलेलं, आणि ही पुढच्या वादळातली माणसं मोजते! मला नसतं जमलं. मेलं, याचाही मला हेवा वाटला.

२५ सप्टेंबर, बुधवार

गेल्या आठवड्यात, मंगळवारीच, चौकशीत परत गेले आणि सगळं सांगितलं. सोमवार, बुधवार, शनिवार, तिन्ही वार. खुर्ची माझी गेली, तिची राहिली. सासूबाई समोरच्या दाराकडे गेल्या, महिना संपायच्या आधीच. भाऊजींनी चहा नको म्हणून सांगितलं.

आज दुपारी कचेरीतून तिचा फोन. दक्षिणेला पुन्हा वादळ आहे. ‘पंचावन्नच्या वाऱ्यात किती माणसं?’

‘नऊ,’ मी म्हटलं.

‘आणखी काय काय आहे डोक्यात? सांगा, लिहून घेते.’

दीड तास सांगत होते. ती एकदाही ताई म्हणाली नाही.